अक्रोडाची जमीन आणि इंदूरचा वैशाख : एका तक्रारीचा अभ्यास

घरमालक काकांची तक्रार एका वाक्यात मावणारी होती. घराच्या लाकडी जमिनीसाठी अमेरिकन अक्रोड म्हणून पैसे घेतले आणि भलतंच लाकूड रंगवून घातलं. पुरावे तीन दाखवले गेले. बैठकीतला गालिचा उचलला तेव्हा त्याखाली गडद तपकिरी चौकोन निघाला, आजूबाजूची जमीन मात्र फिकट मधाळ रंगाची झालेली. अभ्यासिकेत मे महिन्यात फळ्याफळ्यांमध्ये फटी पडल्या. आणि जागोजागी खळगे, समईच्या बुडाचे, खुर्चीच्या पायांचे. दुकानदाराला वकिलाची नोटीस जायच्या बेतात होती. त्याआधी लाकूड कुणीतरी जाणत्याने तपासावं, असं काकूंनी सुचवलं आणि मला बोलावणं आलं.

घर टिळकनगरातलं. जुनं बैठं घर पाडून नवीन दुमजली बांधलेलं, घरातल्या लग्नाआधी घाईने पुरं केलेलं. वरच्या मजल्यावर बैठक आहे, तिला पश्चिमेकडे गच्चीत उघडणारं भिंतभर काचेचं दार. बैठकीत इंजिनिअर्ड फळ्या घातल्या आहेत. एकूण जाडी १५ मिमी, त्यात वरचा ४ मिमीचा थर अक्रोडाचा आणि खाली उभे-आडवे थर चिकटवलेला प्लाय. लॅकर, म्हणजे वरचा कडक पारदर्शक लेप, कारखान्यातच चढवलेला. शेजारी काकांची दहा बाय बारा फुटांची अभ्यासिका. तिथे काकांनी आग्रहाने अखंड लाकूड घालून घेतलं. १८ मिमी जाड आणि १२० मिमी रुंद फळ्या, १२ मिमी प्लायवर जिभेतून, म्हणजे शेजारच्या फळीच्या खाचेत बसणाऱ्या कडेतून, पिना मारून बसवलेल्या, वर हार्डवॅक्स तेलाचा, म्हणजे मेण मिसळलेल्या तेलाचा हात. एकाच दुकानातून, एकाच महिन्यात आलेलं एकच लाकूड एका छपराखाली दोन वेगळ्या बांधणीत वापरलेलं असं सहसा पाहायला मिळत नाही. या प्रकरणातून जे शिकायला मिळालं ते याच योगामुळे.

काकांचं म्हणणं स्पष्ट होतं. "हे अक्रोड नाही एवढं तू लिहून दे, पुढचं मी बघतो."

तेव्हा आधी हाच प्रश्न निकाली काढावा लागला. माळ्यावर उरलेले तुकडे होते, दोन्ही प्रकारचे. अखंड फळीच्या तुकड्याचं टोक धारदार पात्याने ओलं करून तासलं आणि दहापट भिंगाखाली धरलं. अक्रोडाच्या आडव्या छेदात छिद्रं नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. वर्षाच्या वलयात सुरुवातीला ती मोठी असतात आणि वलय संपेपर्यंत हळूहळू बारीक होत जातात. सागवानासारखी मोठ्या छिद्रांची एक ठळक ओळ आणि मग एकदम बारीक दाणा, असं नसतं. छिद्रांच्या मधून वलयाला समांतर जाणाऱ्या केसाएवढ्या फिक्या रेषा दिसतात. हे सगळं त्या तुकड्यात होतं. शिरीष असतं तर छिद्रांभोवती फिक्या रंगाची वर्तुळं दिसली असती. शिरीष मुद्दाम पडताळला, कारण लाकडाच्या व्यापारात त्याला ईस्ट इंडियन वॉलनट म्हणून विकण्याची जुनी चाल आहे आणि माळव्यात शिरीष ठिकठिकाणी आहे. ब्राझिलियन वॉलनट या नावाने येणारं इपे तर अक्रोडाच्या कुळातलंही नाही. ते इतकं जड आणि कठीण असतं की हातात घेतल्या घेतल्या ओळखू येतं.

रंगवलंय का, हे पाहायला रंधा पुरतो. तुकड्यावरून एकेक पापुद्रा काढत गेले. रंग खोलवर तोच राहिला. अर्ध्या जाडीपर्यंत गेल्यावरही तोच चॉकलेटी तपकिरी, मधून जांभळट झाक असलेला. बाहेरून दिलेला डाय इतका आत जात नाही. एका फळीच्या कडेला बोटभर फिका पट्टा होता, ते सालीजवळचं कच्चं लाकूड. अक्रोडात गाभा आणि हे कच्चं लाकूड यांच्या रंगात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. म्हणून अमेरिकेत बरेच कारखाने ओलं लाकूड वाफेच्या खोलीत ठेवतात. गाभ्याचा रंग थोडा कच्च्यात उतरतो आणि मालाचा रंग एकसारखा दिसतो. त्या बदल्यात गाभ्यातली जांभळी, लालसर झाक मंदावते. मला स्वतःला वाफ न दिलेलं अक्रोड जास्त आवडतं, पण शंभर फळ्या एका रंगाच्या हव्या असतील तर वाफ देण्याला पर्याय नाही.

निष्कर्ष लिहून दिला : दोन्ही खोल्यांतलं लाकूड काळं अक्रोड, म्हणजे युग्लान्स नायग्रा, पूर्व अमेरिकेत वाढणारं. माल खरा. काका नाराज झाले. "मग हा चौकोन कसला?"

चौकोन अक्रोडाच्या स्वभावाचा होता, आणि तो स्वभाव विकणाऱ्याने आधी सांगायला हवा होता. आपल्याकडच्या लोकांच्या मनात लाकूड म्हणजे जुनं होताना गडद होत जाणारी वस्तू. चेरी तशी होते, पाइन तसं होतं. सागवान नवीन कापल्यावर पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं आणि उजेडात सोनेरी तपकिरी होऊन जुळून येतं. अक्रोड उलट जातं. उजेडाने त्यातली रंगद्रव्यं मोडतात आणि गडद चॉकलेटी रंग हळूहळू मधाच्या अंगाने फिका पडत जातो. यात अतिनील किरणांचा वाटा मोठा, पण साधा दिसणारा उजेडही ते काम करतो. त्यामुळे काचेवर फिल्म लावली किंवा लॅकरमध्ये किरण अडवणारं द्रव्य असलं तरी वेग कमी होतो, दिशा बदलत नाही. पश्चिमेच्या दारातून बैठकीत ऊन शिरतं ते माळव्याचं, आणि दारासमोरचा हातभर पट्टा बाकी जमिनीपेक्षाही फिका झाला होता. गालिच्याखाली मात्र लग्नाच्या वेळचा मूळ रंग शाबूत होता.

शब्दांनी काकांचं समाधान होणार नव्हतं. एका उरलेल्या तुकड्याच्या अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवून तो गच्चीत उन्हात ठेवायला सांगितला. काही आठवड्यांनी कागद काढला तेव्हा त्याची कड लाकडावर आखल्यासारखी उमटली होती. मग फिक्या अर्ध्यावर काचपेपर फिरवला, जेमतेम. खालून पुन्हा तोच गडद रंग निघाला. हा बदल पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात होतो. म्हणूनच जमीन घासून नव्याने पॉलिश केली की रंग परत येतो, आणि उजेडाचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. बैठकीतल्या फळ्यांना ४ मिमीचा थर आहे, म्हणजे पुढच्या काळात दोन-तीनदा घासण्याची सोय आहे. बाजारात अर्धा-पाऊण मिलिमीटरचा थर असलेल्या फळ्याही अक्रोड म्हणूनच विकल्या जातात. त्यांना अशी दुसरी संधी नसते, आणि किमतीतला फरक बराचसा इथेच असतो.

गालिच्यासाठी सल्ला साधा होता. तो निदान एक वर्षभर गुंडाळून ठेवायचा. उघडा पडलेला चौकोन आसपासच्या रंगाला गाठतो, कारण फिकं होण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि नंतर मंदावतो. घासून घ्यायची घाई केली असती तर ४ मिमीतला काही भाग विनाकारण गेला असता.

खळग्यांचा मुद्दा लवकर संपवते, कारण लोक त्याचीच सगळ्यात जास्त काळजी करतात आणि तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. लाकडाचा कठीणपणा जांका चाचणीने मोजतात. ११.२८ मिमी व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्ध्यापर्यंत रुतवायला किती बल लागतं, ते पाहायचं. काळ्या अक्रोडाचा आकडा १,०१० पाउंड-बल. व्हाइट ओक १,३६०, हार्ड मेपल १,४५०. जमिनीच्या लाकडांत अक्रोड मऊ बाजूला बसतं, हे खरं. पण सागवान १,०७० च्या आसपास आहे. ज्या सागवानाच्या उंबऱ्यावर आपल्या तीन पिढ्या वावरल्या, त्याच्यात आणि अक्रोडात पायाला कळेल असा फरक नाही. पितळी समईचं बूड कडेवर टेकलं तर खळगा सागवानातही पडेल. वरचं लॅकर कितीही कडक असलं तरी खळगा अडवत नाही, कारण दबतं ते खालचं लाकूड. चकाकणाऱ्या लॅकरवर तो जास्त डोळ्यांत भरतो, मॅटवर कमी, एवढंच. अभ्यासिकेतल्या तेल दिलेल्या फळ्यांवरचे उथळ खळगे ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवून बरेच वर आणता आले. दबलेले तंतू वाफेने फुगतात. लॅकरवर हा उपाय चालत नाही. गणपतीत समईखाली जाड लोकरीचा तुकडा घालायचा, हे काकूंनी स्वतःच ठरवलं.

आता अभ्यासिका. सगळं प्रकरण खरं तिथेच होतं.

फटी सगळीकडे सारख्या नव्हत्या, आणि हे कुणी पाहिलं नव्हतं. गुडघे टेकून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घालत गेले. खिडकीकडच्या भिंतीजवळ फट मिलिमीटरभर, एका कोपऱ्यात दीड. तीच फट फळीच्या लांबीने दाराकडे येत गेली की अरुंद होत जायची, आणि दारापासून दोन-अडीच फुटांत पात्याचं सगळ्यात पातळ पानही आत शिरेना. खोलीत एसी आहे. पण दाराबाहेरच्या बोळात खिडकीला कूलर लावलेला, आणि दुपारभर त्याची ओली हवा उघड्या दारातून आत येत होती. जिथे ती हवा पोहोचत होती तिथे लाकूड फुगून फटी मिटल्या होत्या. लाकूड खोटं असतं किंवा सुताराने फळ्या ढिल्या बसवल्या असत्या, तर फट दाराशीही राहिली असती. कूलरने निदान करून दिलं : हा पाण्याचा प्रश्न आहे.

लाकडातली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर लावला. सुया टोचणारे मीटर बहुधा डग्लस फर या लाकडावर बेतलेले असतात, तेव्हा आधी प्रजातीची दुरुस्ती करून घ्यावी लागते. खोलीच्या मध्यात ६ टक्के ओल आली. पुढे श्रावणात त्याच फळ्या तपासल्या तेव्हा १३. हे इंदूरच्या हवेशी जुळतं. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली येते. अशा हवेत लाकूड ४-५ टक्क्यांपर्यंत सुकू पाहतं. आषाढ-श्रावणात हवा ८० टक्क्यांच्या घरात गेली की तेच लाकूड १५-१६ कडे जायला निघतं. प्रत्यक्षात ते दोन्ही टोकं गाठत नाही, कारण तेल आणि जाडी त्याचा वेग रोखून धरतात.

अक्रोडाची सरळ चिरलेली फळी प्रत्येक १ टक्का ओलीला आपल्या रुंदीच्या ०.००२७४ पट वाढते किंवा आटते. १२० मिमी रुंदीला ७ टक्क्यांचा फरक म्हणजे सुमारे २.३ मिमी. अभ्यासिकेच्या दहा फूट रुंदीत अशा २५ फळ्या. बेरीज ५७ मिमी निघते. भिंतींशी जागा सोडली होती दोन्ही बाजूंना ६ मिमी, म्हणजे एकूण १२.

उरलेले पंचेचाळीस मिलिमीटर गेले कुठे? थोडे लाकडाने मीटरइतकी ओल जाडीभर घेतलीच नाही म्हणून वाचले. थोडे पिनांनी धरून ठेवले. पण बराच भाग फळ्यांनी एकमेकींना दाबण्यात गेला. पहिल्या पावसाळ्यात काकूंना खोलीत चालताना कुरकुर ऐकू यायची आणि फळ्यांच्या कडा बोटाला वर आलेल्या लागायच्या. त्या वेळी कुणाला त्यात तक्रार वाटली नाही. फुगायला जागा नसली की लाकूड स्वतःलाच चेपतं, कडेच्या पेशी कायमच्या चिरडतात. पुन्हा सुकल्यावर फळी मूळ रुंदीवर येत नाही, तिच्याहून अरुंद होते. मे महिन्यात दिसलेली फट ही खरं तर आदल्या श्रावणात झालेली इजा होती. असंच चालू दिलं असतं तर दर वर्षी ती वाढत गेली असती.

मग चूक कुणाची? दुकानदाराचा कारागीर अडाणी नव्हता. त्याने सगळीकडे छापलेला नियम पाळला होता. गठ्ठे उघडून फळ्या पंधरा दिवस त्याच खोलीत पसरून ठेवल्या, खोलीच्या हवेशी जुळू दिल्या, मगच बसवल्या. नियम चुकीचा नाही. तो अशा घरांसाठी लिहिलेला आहे जिथे बारा महिने हीटर किंवा एसी चालून आतली हवा जवळपास एकसारखी ठेवली जाते. तिथे आजची हवा म्हणजेच वर्षाची हवा. आपल्याकडे वैशाखात फळ्या पंधरा दिवस मोकळ्या ठेवल्या तर त्या वर्षातल्या सगळ्यात कोरड्या हवेशी जुळतात. अमेरिकेतून आलेला माल भट्टीत ६ ते ८ टक्क्यांपर्यंत सुकवलेला असतोच, तिथल्या गरम केलेल्या घरांच्या हिशोबाने. तो आणखी सुकवून, घट्ट जोडून, भिंतीशी सहा मिलिमीटर सोडून बसवला. त्या दिवशी जमीन सुरेख दिसली असणार. भारतीय मानक आयएस २८७ देशाचे आर्द्रतेप्रमाणे विभाग पाडून कुठे लाकूड किती ओलीचं असावं ते सांगतं. फर्निचर करणारे थोडेफार ते पाहतात, जमीन घालणारे जवळजवळ नाहीच.

बैठकीतल्या फळ्या त्याच उन्हाळ्यात, त्याच हातांनी बसल्या होत्या. तिथे एकही फट नाही. वरचं ४ मिमीचं अक्रोड खालच्या आडव्या थरांना घट्ट चिकटलेलं आहे आणि ते थर त्याला रुंदीत हलू देत नाहीत. काकांनी "खरं लाकूड" म्हणून ज्या अखंड फळ्या मागितल्या, त्याच या हवेत जास्त नाजूक ठरल्या. इंजिनिअर्ड म्हणजे नकली, हा समज आपल्याकडे फार खोल आहे. वरचा थर जाड असेल तर माळव्यासारख्या हवेत रुंद फळीसाठी तीच बांधणी अधिक शहाणपणाची, असं माझं ठाम मत आहे.

काकांनी इथे दोन प्रश्न विचारले, दोन्ही चांगले. पहिला : "सागवान घातलं असतं तर हे झालंच नसतं ना?" कमी झालं असतं. सागवानाचा गुणक ०.००१८६ आहे. त्याच फळ्या दीड मिमीच्या थोड्या वर हलल्या असत्या आणि खोलीची बेरीज ३९ मिमी आली असती. १२ मिमीत तीही मावत नाही. ओक असतं तर दर फळीला ३ मिमी. म्हणजे हलण्याच्या बाबतीत अक्रोड या दोघांच्या मध्ये आहे, चंचल म्हणावं असं मुळीच नाही. दुसरा प्रश्न : "होळकरांच्या राजवाड्याचे वरचे मजले लाकडाचेच आहेत, त्यांच्या लालबाग महालात नाचघराला लाकडी जमीन आहे. त्यांना कुणी मीटर लावले होते?" राजवाड्याच्या वरच्या मजल्यांत लाकूड आहे ते खांब-तुळयांचं, सांध्यांत हलायला मोकळं. १९८४ च्या आगीनंतर त्यातलं मूळचं किती उरलं हाही प्रश्नच आहे. आणि त्या काळच्या जाड भिंती, उंच छतं, उन्हाळ्यात एसी नाही. अशा वास्तूत हवा ऋतूबरोबर हळूहळू बदलते. अभ्यासिकेत एसी आधीच कोरड्या हवेतली उरलीसुरली ओल काढतो आणि बोळातला कूलर दारातून ती परत भरतो. लाकडाला इतकी ओढाताण राजेरजवाड्यांच्या घरात नव्हती.

काश्मिरी अक्रोड का घेतलं नाही, हेही काकूंनी विचारलं. ते युग्लान्स रेजिया, आपण ज्याचे अक्रोड खातो ते झाड. थोडं जड, थोडं कठीण, जांका १,२२०. रंग जास्त करडा, रेषा जास्त खेळकर. श्रीनगरच्या कोरीवकामाचं ते जीवन आहे. पण तिथे ते झाड तोडायला परवानगी लागते आणि फळ देणारं झाड उभं ठेवण्यातच शेतकऱ्याचा लाभ असतो. जमिनीला लागतात तशा लांब, एकसारख्या, पुरेशा फळ्या एका वेळी जमवणं अवघड. मिळालं तर पाट, चौरंग, देव्हारा करावा.

उपाय ठरवताना अभ्यासिकेची जमीन पूर्ण उचलायची हे नक्की झालं. चिकटवलेली असती तर फळ्या फुटल्या असत्या. पिनांवर असल्यामुळे बहुतेक सुट्या निघाल्या, जिभा मात्र गेल्या. चेपलेल्या कडा कापून प्रत्येक फळीच्या उभ्या दोन पट्ट्या केल्या, नवीन खाच-जीभ पाडून साधारण ५५ मिमीच्या. रुंदी अर्धी झाली की प्रत्येक सांध्यातली हालचालही अर्धी होते. एकूण आटणं तेवढंच राहतं, पण ते दुप्पट सांध्यांत वाटलं जातं आणि डोळ्यांना दिसत नाही. पट्ट्या हेरिंगबोनमध्ये, म्हणजे एकमेकींना काटकोनात नागमोडी, बसवल्या, त्यामुळे फुगण्याचा जोर एका दिशेने भिंतीवर न जाता दोन्हीकडे विभागला जातो. कापण्यात गेलेली जागा भरून काढायला चहूबाजूंनी सागवानी पट्टा घालावा, ही कल्पना काकूंची, आणि ती मला काकांच्या मूळ बेतापेक्षा देखणी वाटली. भिंतीशी १५ मिमी मोकळी जागा सोडली आणि १८ मिमी जाड स्कर्टिंगने, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीने, झाकली. स्कर्टिंग भिंतीला ठोकलं, जमिनीला नाही.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय दिवसाचा होता. काम दिवाळीनंतर केलं, पट्ट्या ९ ते १० टक्क्यांवर आल्यावर. तिथून श्रावणात तीन टक्के वर आणि वैशाखात चार टक्के खाली, म्हणजे झोका मध्यावर. दुकानदार दोन महिने आधीच काम उरकून मोकळा व्हायला बघत होता, पण भाद्रपदात १२ च्या वर असलेल्या पट्ट्या घट्ट बसवल्या असत्या तर उन्हाळ्यात नुसत्या फटीच फटी. काकांनी त्याला थांबवून धरलं. मजुरी आणि स्कर्टिंग दुकानदाराने सोसलं, सागवानाचा खर्च घरच्यांनी. नोटीस गेली नाही.

रोजच्या वापरातल्या दोन गोष्टी दरम्यान लक्षात आल्या. बैठकीत कुंडीच्या लोखंडी स्टँडखाली निळसर काळी गोल खूण पडली होती आणि ती काही केल्या पुसली जात नव्हती. तो मळ नव्हता. अक्रोडात टॅनिन असतं, ओलं लोखंड त्याला लागलं की काळं पडतं. लॅकर जिथे खरवडलं गेलं होतं तिथूनच ओल आत गेली. ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावाने डाग गेला, स्टँडला रबरी टोप्या बसल्या. दुसरी गोष्ट हळदीची. हळदी-कुंकवाच्या वेळी दारासमोर सांडलेल्या हळदीचा पिवळा डाग काकूंनी साबणाने घासून लॅकर मंद केलं होतं. हळदीचा रंग उन्हात आपोआप उडतो, पश्चिमेचं ऊन तिथे होतंच. रोजचा ओला पोछा आणि फिनाइल दोन्ही खोल्यांत बंद झालं. घट्ट पिळलेलं फडकं फिरवायचं आणि लगेच कोरडं पुसायचं. कामवाल्या ताईंना हे पटायला वेळ लागला, कारण फरशीचं घर पाण्यानेच स्वच्छ होतं हा हिशोब त्यांच्या हातात बसलेला. बोळातला कूलर जागेवरच आहे, फक्त एसी चालू असताना अभ्यासिकेचं दार लावून घेतात.

पुढच्या वैशाखात फटी मोजल्या. जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर, दाराशी आणि भिंतीशी जवळपास सारख्या. बैठकीतला चौकोन खूप पुसट झाला होता. दारापासून लांबचा एक कोपरा तेवढा अजून गडद राहिला होता, कारण तिथे उजेडच कमी पोहोचतो. तो तसाच राहील आणि त्याला इलाज नाही.

त्याच भेटीत काकांनी जिन्याचा विषय काढला. पायऱ्यांवर सध्या ग्रॅनाइट आहे, त्यावर लाकूड बसवायचं. "अक्रोड मऊ, म्हणून सागवान, बरोबर?" सागवान बरोबर होतं, कारण चुकीचं. १,०१० आणि १,०७० यांत पायरीच्या कडेला काही फरक पडत नाही. पायरीची एकूण रुंदी खोलीच्या मानाने थोडी असते, हालचालही फारशी अडत नाही. पण जिन्यावर काचेचं छत आहे आणि वरच्या सहा पायऱ्यांवर दिवसभर उजेड पडतो, खालच्या पायऱ्या कायम सावलीत. अक्रोड घातलं तर वर्षभरात अर्धा जिना मधाळ आणि अर्धा चॉकलेटी दिसला असता. सागवान उजेडात सोनेरी होतं, सावलीतलंही त्याच्या बरंच जवळ राहतं. जिना सागवानाचा ठरला, काम दिवाळीनंतर धरलंय.